गल्लीतल्या सात गाड्या : प्रकल्प नोंदी

३० जून २०२४, रविवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. निम्मे रस्ते बंद, त्यामुळे सोसायटीच्या कार्यकारिणीचे पाचही जण घरी सापडले. गेल्या दोन वर्षांत गणपूर्ती इतकी सहज कधी झाली नव्हती.

विषय एकच. दोन आठवड्यांपूर्वी रात्री अडीच वाजता क इमारतीतल्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका गेटातून आत आली आणि जांभळाच्या झाडापाशी थांबली. एका अंगाला सुमो, समोर ओम्नी. ड्रायव्हर खाली उतरला, आरसे मिटून बघितले आणि म्हणाला, "आत जाईल हो कशीतरी, पण पेशंट घेऊन रिव्हर्स यायचं मला जमायचं नाही." शेवटी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जांभळापर्यंत आणलं. काका आता ठणठणीत आहेत. सकाळी फिरायला जातात आणि जाताना सुमोला काठीने एक टोला हाणतात.

आज टेप लावून मोजलं. रस्ता मंजूर नकाशात सहा मीटर. जांभळापाशी प्रत्यक्षात मोकळी जागा सात फूट दोन इंच. अग्निशमनचा बंब साधारण अडीच मीटर रुंद, म्हणजे आठ फुटांच्या वर. तिन्ही इमारतींत मिळून ४२ घरं, आणि बंब गेटापाशीच उभा राहणार.

ठरलं असं : यादी करायची, मालक शोधायचे, गाड्या हलवायच्या. जबाबदारी मानद सचिवांची, म्हणजे माझी. "तुम्ही सगळं लिहून ठेवता ना," इति अध्यक्ष. म्हणून ही वही.

४ जुलै, गुरुवार

एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडल्यापासून पालिकेची माणसं दारोदार फिरताहेत. आज आमच्याकडे दोन मुली आल्या. एकीकडे टॉर्च, दुसरीकडे लांब दांड्याची पांढरी वाटी. घरांत फारसा वेळ घालवलाच नाही, सरळ गाड्यांकडे वळल्या.

सुमोच्या टपावरचा टायर भोकाचा, म्हणून कोरडा. सँट्रोच्या डिकीत पाणी होतं, पण स्वच्छ. मग अ इमारतीच्या जिन्याजवळ निळ्या ताडपत्रीखाली झाकलेली स्कूटर. ताडपत्रीच्या घडीत ओंजळभर पाणी साठलं होतं. मुलीने वाटी बुडवून टॉर्चखाली धरली. केसासारख्या बारीक अळ्या डोकं खाली करून लोंबत होत्या. वाटीवर हात धरून सावली पाडली की सगळ्या एकदम वळवळत तळाला, हात काढला की एकेक करून पुन्हा वर. मी तीन-चारदा करून बघितलं.

"कुणाची गाडी ही?" तिने विचारलं. वॉचमन मामांनी माझ्याकडे पाहिलं.

चेतक आमचीच. म्हणजे नवऱ्याची. २०१३ पासून ती 'रिस्टोअर' होणार आहे.

ताडपत्री नुसती झटकून उपयोग नाही, असंही त्या मुलीने सांगितलं. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात. पुन्हा पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. घासूनच काढायला हवं. नोटीस सचिवांच्या नावाने निघाली. बेवारस गाड्यांच्या मोहिमेतली पहिली नोटीस सचिवांनाच, हे अध्यक्षांनी संध्याकाळपर्यंत तिन्ही जिन्यांत पोचवलं.

७ जुलै, रविवार

मामांना बरोबर घेऊन गल्लीत दोन फेऱ्या. एकूण सात.

सुमो, पिवळी पाटी, चारही चाकं बसलेली. ओम्नी, काचांना आतून वर्तमानपत्रं. सँट्रो, हिच्या वायपरवर पिंपळाचं रोप आलंय. पांढरी मारुती ८००, धूळ आहे पण टायर बरे. स्प्लेंडर, नंबरप्लेट नाही, सीट नाही. एक लुना. आणि आमची चेतक.

लुनाचं कोडं अर्ध्या तासात सुटलं. ती जुन्या दूधवाल्याची निघाली. आधीच्या वॉचमनला दर महिन्याला पन्नास रुपये देऊन त्याने ती इथे ठेवली होती, आणि तो वॉचमन गेल्यावर पैसे द्यायचे बंद झाले, एवढंच. फोन केला, संध्याकाळी मुलगा येऊन ढकलत घेऊन गेला. सगळ्याच गाड्या अशा जातील या भ्रमात मी त्या रात्री निवांत झोपले.

१३ जुलै, शनिवार

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकत बसले. मालकाचं नाव ॲप अर्धं झाकून दाखवतं, मधली अक्षरं फुल्या. पत्ता नाहीच. पण नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, फिटनेस आणि गाडीवर कर्ज असेल तर तो बोजा, एवढं दिसतं.

सुमो : नोंदणी २००८, फिटनेस आणि विमा दोन्ही २०१८ ला संपले, बोजा अजून चढलेलाच. ब-९ मध्ये तेव्हा टूर्सचा धंदा करणारे भाडेकरू होते, ते गाडी ठेवून गेले. घरमालक म्हणतात, डिपॉझिट परत दिलं, विषय संपला. घरमालकांचा संपला.

ओम्नी : सगळं वैध! विमासुद्धा. ही बेवारस नाहीच. गेटाजवळच्या गाळ्यातल्या केटररची आहे. आत पातेली आणि झारे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "परवा काढतो, ताई."

८०० ची नोंदणी १९९८ ची, ब-४ मधल्या आजोबांच्या नावावर. आजोबा २०१६ मध्ये गेले. आजींना अजून काही विचारलेलं नाही.

१८ जुलै, गुरुवार

क्षेत्रीय कार्यालय. अभियंता साहेबांनी नकाशा शांतपणे बघितला. सार्वजनिक रस्त्यावर काही अडथळा टाकला असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली आयुक्तांना तो नोटीस न देताही उचलता येतो. "पण बाई, हा रस्ता आमचा नाही. ले-आउटमधला अंतर्गत रस्ता आहे, सोसायटीचा. तुमच्या गेटावर पाटीच आहे ना तशी?"

आहे. लाल अक्षरांत : 'खासगी रस्ता. बाहेरच्यांनी वाहने लावू नयेत.' २०११ मध्ये शेजारच्या मंगल कार्यालयाची वऱ्हाडं आमच्याकडे गाड्या लावायची, म्हणून तेव्हाच्या समितीने मोठ्या हौसेने ठोकली. त्या समितीत मीही होते. अक्षरं मोठी काढा, हे माझंच म्हणणं.

तिथून वाहतूक शाखेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ : सार्वजनिक ठिकाणी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडली, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला सांगू शकतो. दहा तास! आमची सुमो सहा वर्षं उभी. हवालदार हसले. "ताई, हीच मेन रोडवर असती तर आजच क्रेन पाठवली असती." यातला सगळा खुंटा 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दांवर आहे. कायद्यातली व्याख्या आहे 'जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी जागा'. आमच्या गल्लीचं दुसरं टोक भिंतीला लागतं. हक्काने इथे येते ती फक्त मांजर.

अध्यक्षांच्या मुलाने संध्याकाळी तोडगा सुचवला : दहा पोरं जमवू, रात्री सुमो ढकलत मेन रोडला नेऊ आणि सकाळी शंभर नंबरला फोन लावू. मी नको म्हटलं. दुसऱ्याची गाडी त्याला न विचारता हलवायची आणि आपल्याच कॅमेऱ्यात तिचं चित्रीकरण करून ठेवायचं, हे मला जड गेलं. पोरांनी तरी जोर लावून बघितलाच. ब्रेक ड्रमला असे धरलेत की गाडी इंचभरही हलली नाही. एकाची पाठ मात्र धरली.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, खडकवासल्याचा विसर्ग, सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत पाणी. आमच्याकडे तसं काही नाही, फक्त चेंबर तुंबलं. तुंबलेलं चेंबर सँट्रोच्या पोटाखाली. सफाईवाल्याने आडवं झोपून, एक हात आत घालून ते मोकळं केलं. त्याला पाचशे रुपये दिले, सोसायटीच्या खात्यातून. माझं म्हणणं होतं सँट्रोवाल्याच्या खात्यातून. खजिनदार म्हणाले, आधी सँट्रोवाला आणा.

२७ जुलै, शनिवार

स्प्लेंडरचा दिवस.

नंबरप्लेट नसली तरी चेसिस नंबर कुठे जात नाही. स्प्लेंडरचा हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. तिथे गंज आणि ग्रीसचा थर होता. नवऱ्याने (चेतकचं प्रायश्चित्त म्हणून) रॉकेल, जुना टूथब्रश आणि तारेची घासणी घेऊन वीस मिनिटं घासलं. अक्षरं दिसायला लागली पण वाचता येईनात. मग आरटीओत करतात तसं केलं : पातळ कागद वर धरून आडव्या पेन्सिलीने हलके घासायचं. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटत गेली. एमबीएल... सतरा अक्षरं-आकडे, त्यातला शेवटून तिसरा आठ की तीन, यावर आमचं भांडण.

कागद चौकीत दिला. तिथल्या अंमलदारांनी दोन्ही पर्याय टाकून बघितले. आठ निघाला. गाडी सातारा जिल्ह्यातून चोरीला गेल्याची नोंद.

एका तासात पंचनामा. पंच म्हणून मी आणि ब-२ चे काका. अंमलदारांनी सगळ्यात आधी काय विचारलं असेल तर, "कधीपासून उभी आहे?" आणि आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. मामा म्हणाले दोन वर्षं, काका म्हणाले पाच. चोरीची गाडी पाच वर्षं आमच्या जिन्याखाली, आणि तिच्यावर आम्ही पायपुसणी वाळत घालत होतो.

गाडी टेम्पोत गेली. मूळ मालकाला आता ती न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमी देऊन, सोडवून घ्यावी लागेल. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५०३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४५७. अंमलदार अजून जुनेच आकडे बोलतात आणि लिहिताना खोडून नवीन घालतात. हा महिना नवीन कायद्याचा पहिलाच.

११ ऑगस्ट, रविवार

विशेष सर्वसाधारण सभा. ४२ पैकी २९ हजर, चहा ४० कप.

पहिला प्रस्ताव : रस्ता पालिकेच्या ताब्यात देऊन टाकू या. मग डांबर त्यांचं, दिवे त्यांचे, बेवारस गाड्याही त्यांच्या. पाच मिनिटं सगळ्यांना हे फार आवडलं. मग क-१० च्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे गेट काढायचं?" संपलं.

ब-११ मध्ये वकील राहतात. त्यांनी वेगळा मुद्दा काढला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्येच म्हटलंय की लोकांची ये-जा असेल, मग ती मोकळी असो की परवानगीने, तर खासगी जागाही मोटार कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' धरता येते. टाळ्या. पण त्यांनीच पुढे सांगितलं, तो निकाल अपघात-विम्याच्या दाव्यातला. त्याच्या बळावर हवालदार उद्या क्रेन घेऊन येईल असं समजू नका. फी न घेता खरं सांगणारा वकील, म्हणून इतिवृत्तात आभार मांडले.

दुसरा प्रस्ताव अध्यक्षांचा : भंगारवाला चारही गाड्यांचे मिळून एकवीस हजार देतोय, चेतक सोडून. ("सोडून कशाला?" असा एक आवाज मागून आला.) तो उद्या गॅसकटर घेऊन यायला तयार आहे. याला मी उभं राहून विरोध केला. गाडी तुटली तरी आरसी जिवंत राहते. चेसिसचा तुकडा आणि नंबर कुणाच्या तरी हातात गेला की त्याच नंबरची दुसरी गाडी रस्त्यावर येऊ शकते, आणि तपास फिरत फिरत आमच्या गल्लीत येणार. शिवाय जी आपली नाही ती विकायची, याला साधा शब्द चोरी. स्प्लेंडर नुकतीच पोलिसांनी नेलेली, त्यामुळे तो शब्द सगळ्यांना लगेच कळला.

ठराव : प्रत्येक मालकाला रजिस्टर एडीने नोटीस, गाडीवर नोटिशीची प्रत, फोटो, ३० दिवस मुदत. सभासदांच्या जादा गाडीला पार्किंग आकार. प्रत पोलीस ठाण्याला. सूचक मी, अनुमोदक काठीवाले काका.

२४ ऑगस्ट, शनिवार

ओम्नीवर नोटीस चिकटवताना आतून म्याव. केटररची पातेली आणि त्यांच्या मागे मांजरीची चार पिल्लं. मागच्या दाराची काच अर्धी सरकलेली आहे, तिथून तिची ये-जा. केटरर म्हणाले, "आता पिल्लं मोठी होईपर्यंत तरी कशी हलवू?" मुद्दा बिनतोड होता.

सुमोच्या मालकाला पाठवलेलं पाकीट 'पत्ता सोडून गेले' शेऱ्यासह परत. मग डोक्यात आलं की गाडीवर बोजा आहे, म्हणजे या गाडीवर जीव असलेलं आणखी कुणीतरी आहे. फायनान्स कंपनीच्या शाखेला पत्र आणि चार फोटो पाठवले.

५ सप्टेंबर, गुरुवार

फायनान्स कंपनीचे दोघं हजर. पत्र पोचून आठ दिवस झाले नसतील. हातात कर्जाचे कागद, पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली प्रत. मी त्यांना चहा दिला. कर्जवसुलीवाल्यांना आपणहोऊन चहा देणारी मी पहिलीच, असं त्यातला एक म्हणाला.

ब्रेक धरलेले, त्यामुळे चाकं फिरेनात. मागची दोन्ही चाकं ट्रॉलीवर चढवून, पुढून साखळी लावून फ्लॅटबेडवर ओढली. लोखंड सिमेंटवर घासल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सगळे गॅलरीत. खाली काय निघालं : रबरी चेंडू ११, टेनिसचे ४, एक बॅडमिंटनची रॅकेट, क-३ च्या मुलाचा २०१९ मध्ये हरवलेला चष्मा. एक टप्पी आउटचे सगळे वादग्रस्त झेल तिच्याखाली विसावले होते.

रस्त्यावर तेलाचा काळा आयत उरला.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

याची नोंद करायलाच हवी. मांडव नेहमी सुमोच्या पुढ्यात पडायचा, दुसरी जागाच नव्हती. म्हणून पोरं सुमोवर चादरी टाकून, पुठ्ठे लावून, कापूस चिकटवून तिचा पर्वत करायची. गेली पाच वर्षं आमच्या गणपतीच्या मागचा कैलास म्हणजे ती गाडी. यंदा मांडववाला आला, रिकामी जागा बघून थबकला आणि म्हणाला, "डोंगर कुठाय?"

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आजी दरवर्षी दसऱ्याला ८०० ला झेंडूचा हार घालतात, बॉनेटवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. गाडी चालू नसली तरी. आज मी मुद्दाम त्याच वेळी खाली गेले. त्यांनी विषय स्वतःच काढला. "तुमची नोटीस वाचली मी. 'बेवारस' लिहिलंय त्यात."

मजकूर सगळ्या नोटिशींना एकच होता. मी छापून घेतला होता, बदलला नव्हता. वारस दारात उभे राहून हार घालताहेत आणि मी काचेवर बेवारस चिकटवून आलेय. काय बोलणार? चुकलं म्हटलं.

त्यांनी दार उघडलं. आत अजून डांबरगोळ्यांचा वास. ग्लोव्ह बॉक्समध्ये आजोबांची पेट्रोलची वही. प्रत्येक वेळी किती लिटर, किती किलोमीटर, सरासरी किती, बारीक अक्षरात. शेवटची नोंद मार्च २०१६, सांगलीहून परत. "मुलगा मेलबर्नहून सांगतो, आई देऊन टाक. त्याला काय, तो तिथून देतोय," आजी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "कुठे नेतात तिला?"

त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कारण बाकीच्यांनाही लागेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र असतं. ते आधी सरकारच्या 'वाहन' नावाच्या संगणक प्रणालीत गाडी चोरीची नाही ना, बोजा नाही ना, हे तपासतात. गाडी जमा केली की जमा-प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवीन गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ आणि वाहन करात सवलत. आरसी रीतसर रद्द होते. गाडी मृताच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची संमती.

"नवीन गाडी मला काय करायचीय," आजी म्हणाल्या. पण कागद करायला घ्या असंही म्हणाल्या. हार तसाच ठेवून वर गेल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

मधला महिनाभर काहीच नाही. आधी दिवाळी, मग विधानसभेची निवडणूक. पोलीस बंदोबस्तात, समिती फराळात.

सँट्रो मात्र सुटली. ॲपवरच्या फुल्यांतून नाव लागत नव्हतं. आज सहज ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं (कुलूप कधीच गेलंय), तर दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचं स्टिकर. तारीख, किलोमीटर आणि नागपूरच्या गॅरेजचा नंबर. गॅरेजवाल्याने नंबरवरून मालक ओळखला आणि फोन जोडून दिला.

मालक म्हणाले, "मी तर ती २०१७ मध्येच विकली!" कुणाला? एका एजंटला. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या, पैसे घेतले, विसरले. एजंटने पुढे कुणाला दिली, ती इथे कशी आली, पत्ता नाही. गाडी आजही त्यांच्याच नावावर. मी त्यांना वकिलांनी सांगितलेलं ऐकवलं : नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे तसा. मधल्या सात वर्षांत या गाडीने कुणाला उडवलं असतं, तर दावा तुमच्या दारात आला असता. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "शनिवारी येतो. किती वाजता असता तुम्ही?"

१५ डिसेंबर, रविवार

सँट्रो गेल्या शनिवारी स्क्रॅप केंद्रात गेली. मालक सज्जन निघाले, चेंबरचे पाचशेही देऊन गेले. पिंपळाचं रोप क-१० च्या वहिनींनी मुळासकट काढून कुंडीत लावलं.

८०० आज गेली. मेलबर्नहून सह्या होऊन यायला पाच आठवडे, सांगलीच्या लेकीच्या सह्यांना एक दिवस. वजनावर हिशेब, बॅटरी नाही म्हणून थोडे कापून १३,५०० रुपये आजींच्या खात्यात. पेट्रोलची वही त्यांनी काढून घेतली. फ्लॅटबेडवाल्या पोराला गाडी चढवण्याआधी चहा-पोहे, आणि ताकीद : "हँडब्रेक डावीकडून जरा ओढून लागतो." ती यापुढे कधी उभी करायचीच नाहीये हे त्या पोराने सांगितलं नाही. "हो आजी," एवढंच म्हणाला.

चेतक. हा भाग लिहायचा मी टाळत होते. नवऱ्याने रिस्टोअर करायचा खर्च काढला, मग आरटीओचा. २००१ ची गाडी, नोंदणी २०१६ ला संपली. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या पुनर्नोंदणीचं शुल्कच तेव्हा एक हजार होतं, आणि उशिराचे दर महिन्याला तीनशे वेगळे. कॅल्क्युलेटर घेऊन बसला, मग कॅल्क्युलेटर उलटा ठेवला. आता ती आमच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये, ताडपत्रीशिवाय, आमच्या कारच्या मागे आडवी उभी आहे. कार काढायची तर रोज सकाळी आधी चेतक काढावी लागते. काढतो तो, न कुरकुरता. गल्लीतून तरी गेली. त्यापुढे माझी सत्ता चालत नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

जांभळापाशी आता रुंदी चौदा फूट चार इंच. पूर्ण सहा मीटर नाही, कारण ओम्नी आहे. मांजर आणि पिल्लं डिसेंबरातच गेली. केटररचं म्हणणं, लग्नसराई चालू आहे, परवा काढतो. त्यांना दुसरी नोटीस दिली. यावेळी वेगळा मजकूर, 'बेवारस' शब्द न वापरता.

मामांच्या टेबलावर नवीन रजिस्टर ठेवलंय. बाहेरची गाडी सलग तीन रात्री दिसली की नंबर, तारीख, कुणाकडे आली. स्प्लेंडरच्या पंचनाम्याला जे सांगता आलं नाही ते तरी पुढच्या वेळी सांगता येईल.

आज पेंटर बोलावून दोन्ही कडांना पिवळा पट्टा मारून घेतला. त्याने डावीकडचा पट्टा ओम्नीच्या पुढच्या बंपरपाशी थांबवला आणि मागच्या बंपरपासून पुढे चालू केला. मधे अकरा फूट राहिलेत. तेवढ्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. उरलेला रंग मामांच्या केबिनमध्ये ठेवून गेला आणि डब्यावर खडूने लिहिलं, 'ओम्नी'.